तारा कधी विझला आणि कसा विझला: गॅनिमीड, 7 जून 1972

तमिळनाडूतल्या कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीबद्दल वाचायला घेतलंत की दोन गोष्टी हमखास समोर येतात. 1972 मध्ये या दुर्बिणीने गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहाभोवती वातावरण असल्याचं प्रथमच शोधलं, आणि 1977 मध्ये युरेनसभोवतीची कडी शोधली. दोन्ही वाक्यं छोटी, अभिमानाची आणि पाठ करायला सोपी. आज यातलं पहिलं वाक्य घेऊ. ते खरं आहे का? नुसतं ‘हो’ म्हणालात तर अडकाल आणि नुसतं ‘नाही’ म्हणालात तरी अडकाल. संशोधनाला लागण्याआधी अशा एखाद्या वाक्याच्या मागे जाऊन बघणं फायद्याचं असतं. म्हणून हा लेख.

आधी गॅनिमीडची ओळख. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओला गुरूजवळ जे चार ठिपके दिसले, त्यातला हा सगळ्यात मोठा. सूर्यमालेतलाच सगळ्यात मोठा उपग्रह, बुध ग्रहापेक्षाही मोठा. साधी द्विनेत्री असेल तर वाकडसारख्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशातूनही तो दिसतो. पण दिसतो म्हणजे ठिपका दिसतो. गुरू पृथ्वीच्या सर्वात जवळ असतानासुद्धा गॅनिमीडची तबकडी आपल्याला किती मोठी दिसते, तर वाकडच्या पुलावर उभं राहून हिंजवडीच्या दिशेला अडीच किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं दिसेल तेवढी. त्यात आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. त्यामुळे 1970 च्या सुमारास या नाण्याचा व्यासच नीट माहीत नव्हता. वस्तुमान बरंच बरं माहीत होतं, कारण गुरूचे उपग्रह एकमेकांना ओढतात आणि त्यांच्या कक्षांमधल्या फरकांवरून ते काढता येतं. पण व्यास नक्की नाही, म्हणजे घनता नक्की नाही, आणि घनता नक्की नाही म्हणजे आत काय भरलंय, दगड की बर्फ, हेही नक्की नाही.

यातून सुटायची एक जुनी युक्ती आहे: पिधान. आकाशात सरकता सरकता उपग्रह एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोर आला की तारा झाकला जातो. ताऱ्याच्या प्रकाशात उपग्रहाची सावली पृथ्वीवर पडते आणि ती उपग्रहाइतकीच रुंद असते. ती सेकंदाला काही किलोमीटर या वेगाने आपल्यावरून जाते. तारा किती वेळ दिसेनासा झाला हे मोजलं की उपग्रहाची एक जीवा मिळते. दोन लांबच्या ठिकाणांहून मोजलं की दोन जीवा, आणि दोन जीवांवरून वर्तुळ. शाळेतली भूमिती! तबकडी बघायची गरजच नाही, घड्याळ चांगलं हवं.

पिधानातून आणखी एक गोष्ट मिळते. उपग्रह उघडाबोडका असेल तर तारा खटकन विझतो, बटण बंद केल्यासारखा. वातावरण असेल तर ते ताऱ्याचा प्रकाश वाकवतं, पसरवतं, आणि तारा हळूहळू मंदावत जातो. आपल्यापासून अंतर साठ कोटी किलोमीटरच्या घरात असल्यामुळे अगदी विरळ वायूने प्रकाश किंचितसा वाकवला तरी इथे फरक पडतो. म्हणजे एकाच आलेखात दोन प्रश्नांची उत्तरं असतात: तारा *कधी* विझला, आणि तारा *कसा* विझला. पुढचं सगळं या दोन शब्दांवर उभं आहे, तेव्हा ते लक्षात असू द्या.

आता कावलूरला जाऊ, पण जाता जाता शिवाजीनगरला उतरावं लागेल. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, त्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये 1888 साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांनी दिलेले पाच हजार रुपये, तेवढीच मुंबई सरकारची भर, आणि मागे लागलेला माणूस म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला. तिथली वीस इंची ग्रब परावर्ती दुर्बीण पुढची अनेक दशकं देशातली सर्वात मोठी दुर्बीण होती. पुण्यात! बहुतेक पुणेकरांना याचा पत्ता नसतो. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्याच कोडाईकनाल वेधशाळेचे वेणू बाप्पू 1960 मध्ये संचालक झाले. त्यांनी जवादी टेकड्यांमध्ये कावलूरची जागा शोधली, 1968 मध्ये तिथे संस्थेच्याच कार्यशाळेत बनवलेली 38 सेंटिमीटरची दुर्बीण बसवली आणि 1972 मध्ये कार्ल झाइस कंपनीची 102 सेंटिमीटरची दुर्बीण आणली.

नायगमवालांना मध्ये आणण्याचं कारण नुसता पुण्याचा अभिमान नाही. त्यांची वेधशाळा उभी राहावी म्हणून इंग्लंडमध्ये त्यांना मदत करणारे एक बडे शास्त्रज्ञ होते नॉर्मन लॉकियर. लॉकियर यांचा सिद्धांत असा की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात जी मुख्य हिरवी रेषा दिसते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असं ते म्हणत. तसं असेल तर रेषा एका बाजूला धूसर, पसरट दिसायला हवी. विल्यम हगिन्स यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं आणि रेषा बारीक आणि रेखीव असल्याचं नोंदवलं. म्हणजे ज्यांनी हात दिला त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध. (ती रेषा दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची आहे हे 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं. ऑक्सिजन या गोष्टीत पुन्हा येणार आहे.) तेव्हा ‘कशी दिसते’ या प्रश्नावर विसंबणं चुकीचं असतं असं मुळीच नाही. पुण्यातल्या त्या निरीक्षणात रेषेच्या रूपावरच निकाल लागला. प्रश्न एवढाच असतो की ते रूप दाखवण्याइतका प्रकाश हातात आहे का.

7 जून 1972. गुरू धनु राशीत होता. गॅनिमीड एसएओ 186800 या ताऱ्यासमोरून जाणार होता. दोन ठिकाणी तयारी झाली: इंडोनेशियात जावा बेटावरचं लेम्बांग, जिथे बोस्चा वेधशाळा आहे, आणि आपलं कावलूर. दोहोंत अंतर सुमारे 3,800 किलोमीटर. कावलूरची मोठी दुर्बीण अगदी नवी कोरी. तिथे जे. सी. भट्टाचार्य, लेम्बांगच्या बाजूने बांबांग हिदायत, आणि त्यांच्यासोबत अमेरिकी मंडळी. ‘सायन्स’ नियतकालिकात 1973 मध्ये आलेल्या पेपरवर पहिलं नाव आर. डब्ल्यू. कार्लसन यांचं, दुसरं भट्टाचार्य यांचं. त्याच यादीत बी. ए. स्मिथ, टी. व्ही. जॉन्सन आणि जी. ई. टेलर ही नावंही आहेत. लेखकांची नावं वाचायची सवय लावून घ्या, पुढे ती कुठे कुठे उगवतात ते बघायला मजा येते.

पेपरच्या सारांशात तीन संख्या आहेत. गॅनिमीडच्या पृष्ठभागावर वातावरणाचा दाब सुमारे एक हजारांश मिलिबारपेक्षा अधिक. म्हणजे समुद्रसपाटीवरच्या आपल्या हवेच्या दाबाच्या दहा लाखाव्या भागाइतका किंवा थोडा जास्त. व्यास 5,270 किलोमीटर, त्यात चूकसीमा वर 30 आणि खाली 200. आणि घनता पाण्याच्या साधारण दुप्पट.

तिसरी संख्या जरा बाजूला काढून बघा. दगडाची घनता पाण्याच्या तिप्पट किंवा जास्त, बर्फाची पाण्याहून किंचित कमी. दुप्पट घनता म्हणजे ढोबळमानाने निम्मा दगड, निम्मा बर्फ. त्याच वर्षी, डिसेंबर 1972 मध्ये, पिल्चर, रिजवे आणि मॅकॉर्ड यांनी अवरक्त वर्णपटावरून युरोपा आणि गॅनिमीड यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा बर्फ असल्याचं दाखवलं. वर्णपट फक्त वरचा पापुद्रा सांगतो. घनता आतलं सांगते. दोन वेगळ्या वाटांनी वर्षभरात एकाच ठिकाणी पोहोचणं ही मोठी गोष्ट होती, आणि माझ्या मते कावलूर–लेम्बांगच्या त्या रात्रीचं खरं मोल इथे आहे. पण तिची आठवण ठेवली जाते ती मात्र पहिल्या संख्येसाठी. ‘वातावरण सापडलं’ हे वाक्य लक्षात राहतं, ‘व्यास नीट मोजला’ हे राहत नाही.

वातावरणाच्या त्या संख्येवर पुढे इमारतही उभी राहिली. 1977 मध्ये युक युंग आणि मायकल मॅकेलरॉय यांनी ‘इकारस’ नियतकालिकात गणित मांडलं. बर्फातून थोडी वाफ निघते, सूर्यप्रकाशाने पाण्याचे रेणू तुटतात, हलका हायड्रोजन निसटून जातो आणि जड ऑक्सिजन मागे राहतो. असं होत होत ऑक्सिजनचं एक टिकाऊ वातावरण तयार होईल, आणि त्याचा दाब? सुमारे एक हजारांश मिलिबार. निरीक्षणाशी अगदी जुळणारा. तुम्ही 1978 मध्ये पीएचडीला नाव नोंदवलं असतं तर साहित्य आढाव्यात या दोन पेपरांची जोडी लावून निश्चिंत झाला असता. निरीक्षण आहे, सिद्धांत आहे, दोन्ही जुळतात, दोन्ही नावाजलेल्या नियतकालिकांत आहेत. अजून काय पाहिजे?

मार्च 1979 मध्ये व्हॉयेजर 1 गुरूपाशी पोहोचलं. त्याच्यावरच्या अतिनील उपकरणाने पिधानच टिपलं, पण वेगळ्या प्रकारे. नरतुरंग तारकासमूहातला कप्पा हा तारा गॅनिमीडमागे जाताना त्याचा अतिनील प्रकाश मोजला. इथे वायू प्रकाश वाकवतो का हे बघायचं नव्हतं. गिळतो का, हे बघायचं होतं. पुष्कळ वायू त्या लहरलांबीचा प्रकाश जोरात शोषतात, त्यामुळे कसोटी फार कडक होती. (पृथ्वीवरून हे जमत नाही, कारण आपलीच हवा तो प्रकाश आधी गिळून टाकते.) निकाल: काहीच नाही. असलंच वातावरण, तर त्याचा दाब 2.5 मायक्रोपास्कलपेक्षा कमी. 1972 चा आकडा याच मापात लिहिला तर एक लाख मायक्रोपास्कल होतो. भागाकार करा: निदान चाळीस हजार पटींचा फरक.

मधल्या सात वर्षांत वातावरण उडून गेलं असेल का? वर्गात हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. पण युंग–मॅकेलरॉय यांच्याच गणितानुसार ते टिकाऊ असायला हवं होतं. गणित खरं धरायचं तर वातावरण उडायला नको, आणि वातावरण उडालं म्हणायचं तर गणित सोडायला हवं. जोडी तुटली ती तुटलीच.

आता गंमत बघा. व्हॉयेजरच्या छायाचित्रण चमूचे प्रमुख कोण होते? ब्रॅडफर्ड स्मिथ. 1973 च्या पेपरवरचे बी. ए. स्मिथ ते हेच. टॉरेन्स जॉन्सनही व्हॉयेजरवर होते, पुढे गॅलिलिओ मोहिमेचे प्रकल्प शास्त्रज्ञ झाले. ज्या यानाने त्यांचा आकडा खोडला ते यान काही त्यांच्या विरोधकांनी पाठवलं नव्हतं. आणि व्हॉयेजरच्या छायाचित्रांतून व्यास मोजला तेव्हा तो निघाला 5,260 च्या आसपास. 1972 चा आकडा 5,270. आपण नाण्याची उपमा वापरली होती. त्या नाण्याच्या व्यासात हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब होईल इतका छोटा आहे.

एकच रात्र, एकच आलेख, तेच लेखक. एक संख्या जवळजवळ अचूक, दुसरी हजारो पटींनी चुकलेली. असं कसं? इथे ‘कधी’ आणि ‘कसा’ कामाला येतात. व्यास ‘कधी’वर अवलंबून आहे. तारा दिसेनासा होण्याची आणि पुन्हा दिसण्याची वेळ. ती सेकंदाच्या काही भागाने चुकली तरी व्यासात थोड्याच किलोमीटरांचा फरक पडतो. दाब ‘कसा’वर अवलंबून आहे. आलेखाची कड किती उभी, किती तिरपी. आणि ती कड दिसते कशात, तर गॅनिमीडच्या स्वतःच्या उजेडात. दुर्बिणीच्या फोटोमीटरमध्ये उपग्रह आणि तारा दोघांचा प्रकाश एकत्र पडतो, आणि गॅनिमीड त्या ताऱ्यापेक्षा कितीतरी उजळ आहे. तारा पूर्ण विझला तरी एकूण प्रकाश थोडासाच कमी होतो. शेजारी गुरू भगभगत असतो, त्याचा विखुरलेला उजेड वेगळाच. वर आपल्या हवेची लुकलुक. एवढ्या गोंगाटात प्रकाश किंचित कमी झाला हे कळतं, पण त्या किंचित कमी होण्याची कड सरळ होती की जराशी वळलेली, हे ठरवणं म्हणजे लग्नाच्या वरातीत शेजारचा माणूस कुजबुजला की नुसता खोकला ते ओळखण्यासारखं आहे.

पेपरची भाषाही बघा. व्यासाची चूकसीमा लेखकांनी असमान दिली आहे, वर 30 आणि खाली 200. आपल्या मोजमापाची कुठली बाजू कच्ची आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. दाबाला मात्र फक्त खालची मर्यादा: ‘यापेक्षा अधिक’. वरची सीमा नाही. असा आकडा तुमच्या वाचनात आला की थांबा आणि मूळ आलेख काढून बघा, सारांश नंतर. दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेला आकडा त्याच्या चूकसीमेशिवाय आपल्या प्रबंधात टाकू नका. मार्गदर्शक काही म्हणोत, तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो.

पाच वर्षांनी कावलूरला जवळजवळ हेच पुन्हा घडलं, आणि ती गोष्ट अजून बोलकी आहे. 10 मार्च 1977 ला युरेनस एसएओ 158687 या ताऱ्यासमोरून जाणार होता. त्याचं भाकीत केलं होतं ग्रीनिचच्या गॉर्डन टेलर यांनी, म्हणजे 1973 च्या यादीतले जी. ई. टेलर. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी कावलूरला त्याच एक मीटर दुर्बिणीवर होते. ग्रहाच्या पिधानाची वाट बघत असताना ताऱ्याचा प्रकाश आधीच काही सेकंद कमी झाला आणि पूर्ववत झाला. ‘नेचर’मध्ये त्यांनी जे छापलं त्याचं शीर्षक होतं, ‘युरेनसचा नवा उपग्रह’. घट खरी होती, वेळ खरी होती. अर्थ वेगळा निघाला. हिंदी महासागरावरून उडणाऱ्या विमानातल्या दुर्बिणीतून जेम्स एलियट आणि सहकाऱ्यांना ग्रहाच्या दोन्ही बाजूंना तशाच अनेक घटी दिसल्या होत्या, आणि त्या कड्यांच्या होत्या. भट्टाचार्य नोंदींकडे परत गेले. त्याच वर्षी त्यांचा आणि बाप्पूंचा दुसरा लेख ‘नेचर’मध्ये आला, या वेळी युरेनसभोवतीच्या शनीसारख्या कडेव्यवस्थेबद्दल. आलेख तोच होता, वाचन बदललं. ते बदलता आलं, कारण मूळ नोंद जशीच्या तशी जपलेली होती. आपल्याकडे प्रक्रिया केलेली फाइल ठेवून कच्ची फाइल जागा अडवते म्हणून उडवणारे कमी नाहीत.

परत गॅनिमीडकडे. व्हॉयेजरनंतर ‘वातावरण नाही’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर झालं. मग 1995 मध्ये हबल दुर्बिणीने गॅनिमीडकडे अतिनीलमध्ये बघितलं आणि दोन लहरलांबींवर मंद झळाळी सापडली: 130.4 आणि 135.6 नॅनोमीटर. ही ऑक्सिजनची खूण. 1998 मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. दाब निघाला 0.2 ते 1.2 मायक्रोपास्कल, म्हणजे व्हॉयेजरने आखलेल्या मर्यादेच्या आत. तर वातावरण आहे, ऑक्सिजनचंच आहे, आणि 1972 मध्ये सांगितलं होतं त्याच्या लाखभर पटींनी विरळ. युंग–मॅकेलरॉय यांचा आकडा पडला, पण बर्फाचं पाणी तुटून हायड्रोजन पळतो आणि ऑक्सिजन राहतो ही कल्पना टिकली. फक्त आज पाणी तोडण्याच्या कामात सूर्यप्रकाशापेक्षा गुरूच्या चुंबकावरणातल्या विद्युतभारित कणांचा मारा महत्त्वाचा मानला जातो. आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा: ‘1972 मध्ये या दुर्बिणीने गॅनिमीडभोवती वातावरण असल्याचं प्रथमच शोधलं.’ गॅनिमीडला वातावरण आहे, तसा दावा 1972 मध्ये झाला होता, पण आज माहीत असलेलं वातावरण इतकं विरळ आहे की त्या रात्री ते दिसणं शक्यच नव्हतं. तीन वेगळी विधानं, एका वाक्यात कोंबलेली.

कार्लसन यांचं काय झालं? ते थांबले नाहीत. गॅलिलिओ यानावरच्या अवरक्त उपकरणाचं काम त्यांच्याकडे होतं आणि 1999 मध्ये त्यांनी गॅनिमीडच्या शेजारी, कॅलिस्टो या उपग्रहाभोवती, कार्बन डायऑक्साइडचं विरळ वातावरण शोधलं. ते अजून टिकून आहे.

जुन्या नोंदींचं म्हणाल तर 2021 मध्ये लोरेन्झ रॉथ आणि सहकाऱ्यांनी हबलची 1998 मधली निरीक्षणं नव्या निरीक्षणांच्या जोडीने पुन्हा वाचली. त्या दोन लहरलांबींमधला जो फरक आधी अणुरूप ऑक्सिजनमुळे आहे असं समजलं होतं, तो दुपारच्या वेळी बर्फातून निघणाऱ्या पाण्याच्या वाफेमुळे आहे असं त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी जूनो यान गॅनिमीडपासून 1,038 किलोमीटरवरून गेलं. तारीख होती 7 जून. कावलूरच्या त्या रात्रीला बरोबर 49 वर्षं झाली होती. योगायोगच, पण मला तो आवडतो.

युरोपीय अंतराळ संस्थेचं जूस यान 14 एप्रिल 2023 ला निघालं. जुलै 2031 मध्ये ते गुरूपाशी पोहोचेल आणि 2034 मध्ये गॅनिमीडभोवती फिरू लागेल. आपला चंद्र सोडून दुसऱ्या कुठल्या उपग्रहाच्या कक्षेत यान जाण्याची ती पहिलीच वेळ असेल. त्यावर एक अतिनील वर्णपटमापक आहे, आणि त्याच्या कामांच्या यादीत ताऱ्यांची पिधानं आहेत: तारा गॅनिमीडच्या कडेमागे जाताना कसा विझतो ते बघणं. या वेळी मध्ये आपली हवा नसेल, आणि अंतर साठ कोटी किलोमीटरचं नसेल.